समृद्धी ओ देत नाही

६ जानेवारी, सोमवार. कळंब.

पुण्याच्या संस्थेतून आमच्या प्रमुखांचा, करमरकर मॅडमचा, हुकूम आला आहे: निरीक्षणं एका वहीत लिहायची, चिडचिड दुसऱ्या वहीत. गेल्या अहवालात मी एका मुलाच्या नावापुढे "आजीला आवरा" असं लिहून ठेवलं होतं, ते तसंच टाइप होऊन पुण्याला गेलं. म्हणून ही वही. आधी शंभर पानी मागितली, मग स्वतःचा स्वभाव आठवला आणि दोनशे पानी घेतली.

आजचं निमित्त भरभक्कम आहे. सात फेब्रुवारीला मॅडम बाहेरचे एक परीक्षक घेऊन पिंपरी पेंढारला येणार. चार वर्षं मी जुन्नर आणि आंबेगावातल्या एकशे आठ पोरांच्या मागे स्कूटर घेऊन फिरते आहे. कोण कधी चाललं, कधी बोललं, कुणी ठोकळ्यावर ठोकळा कधी ठेवला, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. आणि परीक्षकांना त्यातली बघायची आहे एकच, समृद्धी.

तसं त्यांचंही चूक नाही म्हणा, माझा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. दीड वर्षाची असताना तिला मी लाल कार्ड दिलं होतं. हिरवं म्हणजे वाढ ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पोर मागे आहे. एक शब्द नाही, हाकेला ओ नाही. मग तिच्या आईला, प्रतिभाला, मी "बोलका अर्धा तास" शिकवला. रोज अर्धा तास हातातलं काम टाकून पोरीसमोर बसायचं आणि तिच्याशी गप्पा मारायच्या, बस्स. दहा महिन्यांनी पुढची फेरी घेतली तर पोरगी वाक्यं बोलत होती! लालचं सरळ हिरवं. त्यावर माझा निबंध छापायला गेलाय आणि त्यावरच संस्थेतली कायमची जागा अडकली आहे. एकोणचाळीसची झाले, अजून दर अकरा महिन्यांनी नेमणुकीच्या पत्राची वाट बघते. सात तारखेला समृद्धीने नीट करून दाखवलं की जागा माझी. साडेचार वर्षांच्या पोरीच्या हातात माझी नोकरी, देवा रे!

८ जानेवारी, बुधवार.

डिंभ्याच्या वर, डोंगरातल्या वस्तीवर. प्रश्न क्रमांक सतरा: "मूल आधाराशिवाय जिना चढते का?" अख्ख्या वस्तीत जिना नाही. भागूच्या आजोबांना, जानकूबाबांना, विचारलं तर म्हणाले, "जिना न्हाई बाई. कडा हाये." आणि चार वर्षांची भागू तुरुतुरु कडा चढून गेली आणि वरून मला वाकुल्या दाखवत बसली. फॉर्मवर कड्याला चौकोन नाही. "नाही" लिहिलं तर पोर मागे ठरते, "हो" लिहिलं तर मी खोटारडी. पुण्याला फोन लावला तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅम, रिकामं सोडू नका, सिस्टिम घेत नाही." सिस्टिमला म्हणावं, ये एकदा वस्तीवर, चढून दाखव.

१० जानेवारी, शुक्रवार.

पिंपरी पेंढारची अंगणवाडी. समृद्धीची रंगीत तालीम घ्यायला गेले होते. लंकाबाई, तिथल्या सेविका, नेहमीसारख्या दारातच चहा घेऊन उभ्या. मी येणार म्हटलं की ही बाई कलेक्टर येणार असल्यासारखी सडासारवण करते. पोरांच्या केसांना तेल, डोळ्यांत काजळ, सगळी रांगेत. कितीदा सांगितलं की ही तपासणी नाही, परीक्षा नाही, पोरं जशी आहेत तशी बघायची आहेत. पालथ्या घड्यावर पाणी.

पोरगी मात्र सोनं आहे. नऊ ठोकळ्यांचा मनोरा, उजव्या हाताने, टकाटक. (जुन्या नोंदीत डावखुरी आहे. बदलतं या वयात, किंवा आजीने डाव्या हातावर चापट्या मारून बदलायला लावलं असेल. या आज्या!) चित्रं सगळी ओळखली. बिबट्याचं चित्र दाखवलं तर म्हणाली, "ह्यो आमच्या उसात बसतो." गोष्ट सांगितली, मला नाव विचारलं, लग्न का नाही केलं तेही विचारलं.

आणि मग माशी शिंकली. खेळात रमलेली असताना मागून हाक मारायची, मूल वळून बघतं का ते नोंदवायचं. मी हाक मारली, "समृद्धी!" ढिम्म. पुन्हा मारली. ढिम्म. बाहेर शेळी ओरडली तर वळली, लंकाबाईंच्या हातातलं झाकण पडलं तर वळली, स्वतःच्या नावाला नाही. मला घाम फुटला. इतकी बोलकी पोर आणि नेमकी नावाला ओ देत नाही! परीक्षक याच एका गोष्टीवर बोट ठेवणार. म्हणणार, मूळचा दोष गेलेला नाही, वरवर सुधारलंय.

लंकाबाई म्हणाल्या, "ध्यान नसंल म्याडम तिचं." मी म्हटलं, घरी जाऊन बघू या, घरी मुलं मोकळी असतात. तर लंकाबाई सुरू झाल्या: कांदा काढणी चालू आहे, घरात कुणी नाही, मळ्याच्या वाटेला बिबट्या दिसलाय, प्रतिभाच्या सासूबाईंचं अंग दुखतंय. चार कारणं एका दमात. दोन वर्षं झाली, त्या घरात जायचं म्हटलं की काहीतरी आडवं येतंच.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आजच्या दिवसापुरतं जमवलं.

जेवताना आईला समृद्धीचं सांगितलं. तिला माझ्या कामातलं काही कळत नाही असं मी गेली पंधरा वर्षं धरून चालले आहे. ती वाटीतलं तूप पुसत म्हणाली, "आगं, ज्या नावानं हाक मारत्यात त्या नावाला माणूस ओ देतंय. तुझ्या बापाचं कागदावर नाव रघुनाथ, आन् आख्खं कळंब म्हणायचं गेणभाऊ. मंचरच्या बँकेत शिपाई रघुनाथ, रघुनाथ म्हणून घसा कोरडा करतोय आन् ह्ये बाकावर बसून त्यालाच इचारत्यात, कोण हाये रं त्यो रघुनाथ, बहिरा हाये का?"

हसून हसून ठसका लागला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घरातलं नाव! चार वर्षांत मी विचारलंच नाही. उंटावरची शहाणी मी.

१६ जानेवारी, गुरुवार.

आज लंकाबाईंना सरळ विचारलं, "समृद्धीला घरी काय म्हणतात?" बाई गडबडल्या. प्रतिभा तिथेच होती, ती खाली बघायला लागली. मग लंकाबाईच म्हणाल्या, "तनू म्हणत्यात. लाडानं." मी मागे जाऊन हाक मारली, "तनू!" पोरगी गर्रकन वळली. "काय?"

मला नाचावंसं वाटलं. इतकं सोपं होतं! पण परीक्षक फॉर्मवरच्या नावाने हाक मारणार. तेव्हा प्रतिभाला बजावलं, सात तारखेपर्यंत घरात तनू हा शब्द बंद. दिवसातून वीस वेळा समृद्धी म्हणून हाक मारायची, वळली की गुळाचा खडा द्यायचा. तिने मान डोलावली. तोंड असं केलं होतं की जणू मी तिला विहीर खणायला सांगितली आहे. यांच्याच पोरीचं भलं करायचं तर यांनाच ओझं.

२२ जानेवारी, बुधवार.

कान तपासायचं नवीन यंत्र एकदाचं आलं. तीन वर्षांपूर्वी मागितलं होतं! पहिल्या फेरीत जुनं यंत्र बंद पडलं होतं आणि निम्म्या पोरांची कानाची तपासणी राहूनच गेली. आता अहवालात तो रकाना रिकामा दिसायला नको म्हणून सगळ्यांची उरकते आहे. समृद्धीचे कान एकदम तीक्ष्ण. पान पडलं तरी ऐकेल.

२८ जानेवारी, मंगळवार.

नाव शिकवण्याचा प्रकार फारच यशस्वी झाला आहे. समृद्धी म्हटलं की पोरगी "ओ!" म्हणून अशी ओरडते की खिडकीवरची कबुतरं उडतात. पण लंकाबाईंची तक्रार, "आता तनू म्हणलं तर बगतच न्हाई वो. तिची मम्मी चिडलीया." मी म्हटलं, तिच्या मम्मीनेच तर शिकवलं. त्यावर लंकाबाईंना एकदम डाळीला फोडणी द्यायची आठवण झाली.

निघताना प्रतिभा स्कूटरपाशी आली. म्हणाली, "म्याडम, त्ये अर्धा तास बोलायचं... त्ये आजून किती वर्सं करायचं?"

मी म्हटलं, "अगं बाई, आता कशाला? ती आता बोलते की! ऐकवत नाही माझ्याच्याने, इतकी बोलते."

"म्हंजी बंद केलं तरी चालंल?"

"चालेल."

तिला आनंद व्हायला हवा होता, तर डोळे भरून आले. थकली असेल. मीही थकले आहे. निबंध छापायला स्वीकारल्याची मेल आज आली आणि सांगायला समोर कोण, तर एक पाणावलेली बाई आणि कांद्याची ट्रॉली.

१ फेब्रुवारी, शनिवार. माघी गणेश जयंती.

आईने ओझरला ओढून नेलं. सव्वादोन तास रांग. मी मानसशास्त्राची डॉक्टर, मी नवस बोलत नाही. मनातल्या मनात म्हटलं, जागा मिळाली तर एकवीस मोदक. आईने विचारलं, काय मागितलंस? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "लबाड."

४ फेब्रुवारी, मंगळवार.

आजचं आजच लिहून ठेवते.

परीक्षकांसमोर चित्रीकरण होणार, त्याच्या संमतीवर घरच्यांची सही राहिली होती. लंकाबाई मीटिंगला गेलेल्या, त्यांचा फोन लागेना. म्हटलं, मरो, आपणच जाऊ मळ्यात. न सांगता गेले. चार वर्षांत पहिल्यांदा.

अंगणात कांद्याचा ढीग. प्रतिभाची सासू, झुंबरबाई, निवडत बसलेली. मला बघून ती उठली आणि घराच्या दारात आडवी उभी राहिली. मी हसून हाक मारली, "समृद्धी!" आमची पोरगी "ओ!" करत गोठ्यातून धावत आली. छान. आणि तिच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, आमच्याकडे पाठ करून आणखी एक पोरगी बसली होती. तेवढीच, तसलीच. गोण्या शिवायच्या दोऱ्याची रिकामी रिळं एकावर एक रचत होती. अकरा. मी मोजली, सवयच आहे. डाव्या हाताने.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. हॉर्न असा की मी दचकले, आमच्या पोरीने दोन्ही कान दाबले. टाकीजवळची हलली नाही. ट्रॅक्टर अगदी जवळ आला, जमीन थरथरली, रिळं पडली, तेव्हा तिने वळून बघितलं.

ते डोळे मला माहीत होते. दीड वर्षाच्या पोरीचे, पहिल्या फेरीतले.

"ही कोण?" मी विचारलं.

धावत आलेलीनेच सांगितलं, "ही समृद्धी. मी तनू. पन मला ओ द्यायची म्हनून गूळ मिळतो."

मला वाटतं मी खाली बसले. ढिगावरच. प्रतिभा आतून पाणी घेऊन आली आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. तनू म्हणजे तनिष्का, थोरल्या जाऊबाईंची. आधी ती सगळी चाकणला असायची, पोरगी दोन वर्षांची झाल्यावर गावाला आली. समृद्धीपेक्षा दोनच महिन्यांनी मोठी. माझी दुसरी फेरी आली तेव्हा यांनी तिला पुढे केलं. मग तिसऱ्या फेरीला. मग दर वेळेला. आणि मी दर वेळेला वाहवा करत गेले.

मी ओरडले. कबूल करते, लहान पोरांसमोर ओरडले. "अहो, पण का? मी काय वैरीण होते तुमची?"

झुंबरबाईने दार सोडलं. ती पुढे आली.

"त्ये लाल कारड कुणी दिलं? तुमीच ना? लंकाबाईनं भिताडाला लावलं. वजनाची कारडं लावत्यात तसंच, तिला काय ठाऊक. माझ्या लेकीची सोयरिक ठरली व्हती तवा. पावणं घराण्याची चौकशी कराया आलं, अंगणवाडीत पाणी प्यायला बसलं आन् भिताडावरचं वाचलं. समृद्धी, वाढ मागे. आठ दिसात निरोप, तुमच्या घराण्यात खोट हाये. सात-आठ म्हैनं लेक घरात बसली. मंग तुमी परत आलावं कारड घिऊन. काय करायचं व्हतं आमी?"

कार्ड मी दिलं होतं. भिंतीवर लावू नका असं सांगायचं मला सुचलं नव्हतं, कारण भिंतीवर लागेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

"पण हिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात का नाही नेलं?"

प्रतिभाने माझ्याकडे बघितलं. खरंच तिला प्रश्न कळला नव्हता. "कशापायी? तुमच्या कारडावर तर डोक्याचं लिवलं व्हतं. कानाचं कुठं लिवलं व्हतं?"

मग हळूच म्हणाली, "पन अर्धा तास केला मी म्याडम. हिच्यासंगंच केला. रोज. तीन वर्सं झाली, येक दिस खाडा न्हाई. समोर बसवून बोलायचे. लई बोलायचे. मला वाटायचं, यील आज, उद्या यील एखांदा शब्द."

मी घरी कशी आले आठवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

माळ्यावरून २०२२ ची वही काढली. माझंच अक्षर, सुबक. "समृद्धी, १८ महिने. शब्द नाही. हाकेला प्रतिसाद नाही. कान: यंत्र बंद, पुढच्या फेरीत. निष्कर्ष: मानसिक वाढ मागे. लाल."

यंत्र बंद होतं तर निष्कर्ष कशाला काढला? कारण रकाना रिकामा सोडला तर सिस्टिम घेत नाही. आणि पुढच्या फेरीत समोर बसली ती तनू, तिचे कान तीक्ष्ण.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा हेही लिहिते. सकाळपासून मी हिशोब करते आहे की हे कुणाकुणाला माहीत आहे. घरातली माणसं, लंकाबाई आणि मी. कुणीच बोलणार नाही. परवा तनू ओ देईल, परीक्षक खूश होतील, जागा मिळेल. मग जागा मिळाल्यावर खऱ्या समृद्धीला मी गुपचूप पुण्याला नेईन, उत्तम डॉक्टरांकडे, स्वतः नेईन. किती छान विचार! सगळ्यांचं भलं. हाच विचार झुंबरबाईने केला असणार, अगदी याच शब्दांत.

आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "पोरीला कागदावर कोणच्या नावानं नेणार? समृद्धीचे कान तर तूच चांगले लिवलेत."

कळत नाही म्हणे तिला माझ्या कामातलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

आळेफाट्यावर मॅडमची गाडी थांबवली. परीक्षक, पांढऱ्या मिशांचे एक वयस्कर डॉक्टर, उसाचा रस प्यायला गेले तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. मॅडम ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हे लिहून कुठे ठेवलंस?"

"चिडचिडीच्या वहीत."

"आणि निरीक्षणांच्या वहीत काय आहे?"

"त्यात सगळं व्यवस्थित आहे, मॅडम."

"मग ती राहू दे. ही दे." आणि ही वही त्यांनी गाडीच्या बोनेटवर ठेवून तिथेच वाचली. "आजीने डाव्या हातावर चापट्या मारून बदलायला लावलं असेल" इथे आल्यावर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपेक्षा शिव्या बऱ्या. म्हणाल्या, "डावा हात, नाव, घरी येऊ न देणं. सगळं तुला दिसत होतं, उज्ज्वला. तू त्याच्यावर चिडलीस आणि पुढे गेलीस."

मळ्यात गेलो. परीक्षक टाकीपाशी जमिनीवर मांडी घालून बसले, धोतर नसून पॅन्ट असूनही. तासभर समृद्धीशी रिळं रचली. तिने त्यांना दोनदा हरवलं. मागून टाळ्या वाजवल्या, ताट वाजवलं. मग उठून माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुद्धी उत्तम आहे. आधी कान बघायचा असतो, बाई. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

झुंबरबाई त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "डॉक्टर, आता कंच्या रंगाचं कारड?" ते म्हणाले, "कार्ड नाही. चिठ्ठी. आणि ती भिंतीवर लावायची नाही, दवाखान्यात न्यायची."

निबंध मागे घ्यायचा. जागेच्या मुलाखतीला मी नाही. मार्चपासून पुढे काय, मॅडमनाही माहीत नाही. परतताना मंचरला थांबून आईसाठी भेळ घेतली आणि गाडीवर बसून एकटीने संपवली. रडू आलं, ते तिखटामुळे नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

संस्थेच्या मंडळाला माफीचं पत्र लिहिलं. एकशे आठही घरी पुन्हा जायचं, या वेळी अंगणवाडीत नाही, घरात, आणि कार्डाशिवाय. पैसे नाहीत, पेट्रोल स्वतःचं. पहिल्या घरी म्हातारी म्हणाली, "पुना आली का ही?" बरं वाटलं. काहीतरी नेहमीसारखं आहे.

लंकाबाईंनी भिंत रंगवली. वजनाची कार्डंसुद्धा काढून कपाटात ठेवली. त्याबद्दल त्यांना वरून मेमो आला आहे.

३ मार्च, सोमवार. पुणे.

कानाचा दवाखाना. झोपेचं औषध देऊन केलेली तपासणी मागेच झाली होती. दोन्ही कान जवळजवळ बंद, जन्मापासून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दीड वर्षाची असताना आली असती तर गोष्ट वेगळी होती." मला ठाऊक होतं त्या हे म्हणणार. "पण अजून पाचाच्या आत आहे. आधी मशीन लावू. सहा महिने बघू, मग ऑपरेशनचं ठरवू. बोलेल. वेळ लागेल."

समृद्धी आली ती प्रतिभा आणि तिचा नवरा सुदर्शन यांच्यासोबत, आणि तनूसोबत. तनूला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण समृद्धीने तिचा फ्रॉक सोडला नाही, तेव्हा दोघींना एसटीत कोंबलं. तनूला मी शंभरदा बजावलं, आत गप्प बसायचं, तोंडावर बोट. तिने बोट ठेवलं.

दोन्ही कानांना मशीन बसवलं. समृद्धीने ओढायला हात वर नेला, डावा. डॉक्टरीणबाईंनी एक बटण फिरवलं आणि प्रतिभाला म्हणाल्या, "मागे उभ्या राहा आणि नावाने हाक मारा. मोठ्याने."

प्रतिभाला आवाज फुटेना. तीन वर्षं रोज अर्धा तास बोललेली बाई, एक शब्द निघेना. मग निघाला.

"समृद्धी!"

"ओ!" तनू बाकावरून ओरडली, अशी की भिंती हलाव्यात. सवय! माझ्याच गुळाची सवय! माझं डोकं सणकलं, मी तिच्यावर खेकसायला तोंड उघडलं, आणि थांबले.

समृद्धी वळली होती. जमीन हलली नव्हती, रिळं पडली नव्हती. ती तनूच्या तोंडाकडे बघत होती, मग तिच्याजवळ गेली आणि दोन बोटं तिच्या ओठांवर ठेवली. पुन्हा कर, असं.

तनूने माझ्याकडे बघितलं. विचारत होती, ओरडू का.

"ओरड," मी म्हटलं.